बाईचं ऐकायचं की फाइलचं?

नाशिकमध्ये कॅन्सर तपासणीचा विषय निघाला की हल्ली दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं असं, की पेशंटच्या सांगण्यावर विसंबून काही होत नाही. बायका विसरतात, गोंधळतात, म्हणून सगळं सरकारी पोर्टलवर चढवा, आभा या आरोग्य-ओळख क्रमांकाला जोडा आणि स्क्रीनवर दिसेल तेच खरं धरा. दुसरा तट विचारतो, स्वतःच्या शरीराचं काय झालं हे त्या बाईला नाही तर कुणाला ठाऊक असणार? तिला खोटं ठरवणारे तुम्ही कोण? दोन्हीकडची तळमळ खरी आहे, पण भांडण भलत्याच जागी चाललंय. आठवण चुकते आणि कागदही चुकतो, मात्र दोघं एकाच जागी चुकत नाहीत. कुठल्या प्रश्नावर कोण चुकतं हे आता बऱ्यापैकी माहीत झालेलं आहे, आणि त्यावरून वागण्याची रीतही ठरवता येते. ‘माझी कधीच तपासणी झाली नाही’ म्हणणाऱ्या बाईवर तिथल्या तिथे विश्वास ठेवून तिची तपासणी करावी. ‘झालीय’ म्हणणारीला कागद मागावा, आणि कागद नसेल तर गर्भपिशवीच्या तोंडाची, म्हणजे गर्भाशयमुखाची, तपासणी पुन्हा करावी. तपासणीत काय निघालं होतं, हे मात्र कधीही आठवणीवर सोडू नये. ही रीत चालायची तर कागद बाईच्या हातात असायला हवा, आणि आपल्याकडे नेमकं तेच होत नाही.

या रीतीमागे पुरावा आहे. २००८ साली अनेक अभ्यास एकत्र करून एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यातले अभ्यास मुख्यतः अमेरिकेतले होते. लोकांनी सांगितलेलं आणि दवाखान्याच्या नोंदीत असलेलं त्यात ताडून पाहिलं होतं. ज्यांच्या नावावर पॅप तपासणीची, म्हणजे गर्भाशयमुखातल्या पेशी काचपट्टीवर घेऊन पाहण्याची, नोंद होती, त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक बायकांनी ‘झालीय’ असंच सांगितलं. पण ज्यांच्या नावावर नोंद नव्हती, त्यांतल्याही जवळपास निम्म्या ‘झालीय’ म्हणाल्या. या दोन आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. तपासणी होऊनही ‘नाही’ म्हणणाऱ्या थोड्याच असतात, म्हणून ‘नाही’ या उत्तरावर भरवसा ठेवता येतो. ‘हो’ मात्र डळमळीत असतं. म्हणजे ‘पेशंटला आठवत नाही’ हे सरसकट विधान चूक आहे आणि ‘पेशंटला सगळं आठवतं’ हेही चूक आहे.

आता हे आपल्या दारात आणून पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी जेमतेम १.९ टक्के बायकांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधीतरी झाल्याचं सांगितलं. स्तनाच्या तपासणीचा आकडा ०.९ टक्के होता. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बायका ‘कधीच नाही’ म्हणत असतील, तर आपण इतक्या हिरिरीनं वाद कुणाबद्दल घालतोय? उरलेल्या दोघींबद्दल! अठ्ठ्याण्णव जणींचं उत्तर सर्वांत भरवशाचं आहे आणि त्यांच्यासाठी ना पोर्टल उघडायची गरज आहे, ना फाइल शोधायची. त्यांना आत घेऊन तपासायचं, एवढंच काम आहे. नोंदणीच्या टेबलावर आधार, मोबाइल आणि ओटीपी यांत अर्धा तास गेला आणि कंटाळून बाई उठून गेली, तर त्या दिवशी नोंदही झाली नाही आणि तपासणीही झाली नाही.

‘हो’ म्हणणाऱ्या बायका खोटं बोलतात का? अजिबात नाही. शिबिराच्या टेबलाजवळ थोडा वेळ थांबलं की उलगडा होतो. ‘मावशी, पूर्वी तपासणी झालीय का?’ ‘झालीय की.’ ‘कुठं?’ ‘मोठ्या दवाखान्यात.’ ‘काय तपासलं?’ ‘सगळंच तपासलं, आतूनसुद्धा.’ आणखी दोन प्रश्न विचारल्यावर कळतं, की अंगावरून पांढरं जात होतं म्हणून डॉक्टरांनी आतून पाहिलं होतं, किंवा तांबी काढायला गेली होती, किंवा सोनोग्राफी झाली होती. तिच्या दृष्टीनं टेबलावर झोपवून आतून तपासणं म्हणजे तपासणीच. त्या वेळी कुणी नमुना घेतला का, औषध लावून पाहिलं का, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. जे सांगितलं नाही ते आठवणार कसं? आठवणीचा दोष म्हणून जे मोजलं जातं त्यातला मोठा भाग दवाखान्याच्या अबोलपणाचा आहे.

काळाच्या बाबतीत मात्र आठवण खरोखरच घसरते, आणि ती ठरावीक दिशेनं घसरते. अमेरिकेत १९६४ साली नेटर आणि वॅक्सबर्ग या दोन संख्याशास्त्रज्ञांनी घरदुरुस्तीच्या खर्चाबद्दल लोक काय सांगतात याचा अभ्यास केला, तेव्हा जुने खर्च लोक अलीकडच्या काळात ओढून आणतात असं दिसलं. कॅन्सर तपासणीतही तेच होतं. सात वर्षांपूर्वीची तपासणी ‘तीन-चार वर्षं झाली असतील’ अशी सांगितली जाते. आपल्या सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या लोकांची तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी असं २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ठरलेलं आहे. तिथे ही तीन-चार वर्षांची चूक म्हणजे एक अख्खी फेरी हुकणं. पण यावर इलाजही आहे. साल विचारण्याऐवजी खूण विचारावी. नाशिककरांना सालं सांगता आली नाहीत तरी सिंहस्थ सांगता येतो. २००३ चा की २०१५ चा, हे कुणालाही विचारा. नोटाबंदीच्या आधी की नंतर, लॉकडाऊनच्या आधी की नंतर, थोरलीच्या लग्नाआधी की नंतर, असं विचारलं की तारीख बरीच जवळ येते. सर्वेक्षण करणारे घटनांचं कॅलेंडर मुद्दाम वापरतात ते यासाठीच. फॉर्मवर ‘शेवटची तपासणी: साल’ एवढाच रकाना ठेवायचा आणि मग बायकांना आठवत नाही म्हणायचं, हा अन्याय आहे.

कागदाच्या बाजूनं जे सांगितलं जातं त्यातलं सर्वांत बळकट मी आधीच मान्य करतो. निकाल काय आला, कोणत्या तारखेला आला, पुढं काय करायचं ठरलं, या तिन्ही बाबतींत आठवण कागदाच्या पासंगालाही पुरत नाही. दोष निघालेला असतानाही ‘काही निघालं नाही’ असं सांगणाऱ्या बायका असतात. भीतीनं असेल, ऐकू न आल्यानं असेल, किंवा ‘थोडी सूज आहे, पुन्हा या’ एवढ्यावरच बोळवण केल्यानं असेल. अशा वेळी तिच्या शब्दावर थांबणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ. इथवर कागदवाल्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

पण कागद म्हणजे काय, हेही जवळून पाहायला हवं. आपल्या उपकेंद्रांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत होणारी व्हीआयए तपासणी अशी असते: ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड गर्भाशयमुखाला लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का ते उघड्या डोळ्यांनी पाहायचं. स्वस्त, झटपट आणि तिथल्या तिथे उत्तर देणारी पद्धत. टाटा मेमोरियलनं मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांकरवी ती वर्षानुवर्षं करून पाहिली आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचं २०१४ साली प्रसिद्ध केलं. पद्धत चांगली आहे यात वाद नाही. पण तिच्यातून मागं काय उरतं? पॅप तपासणीत काचपट्टी असते, शंका आली तर दुसरा डॉक्टर ती पुन्हा पाहू शकतो. हा कॅन्सर घडवणारा विषाणू शोधणाऱ्या एचपीव्ही चाचणीत प्रयोगशाळेचा रिपोर्ट असतो. व्हीआयएमध्ये रजिस्टरमधली एक ओळ उरते, आणि ती ओळ म्हणजे सिस्टरनं काय पाहिलं याबद्दलची सिस्टरची साक्ष. म्हणजे एका माणसाचा शब्द मानायचा नाही म्हणून आपण दुसऱ्या माणसाचा शब्द मानतो, तो छापील रकान्यात बसलाय म्हणून. सिस्टरला त्यातलं अधिक कळतं, हे खरंच. पण त्या ओळीला ‘निखळ वस्तुस्थिती’ म्हणणं जास्तीचं होतं.

त्यातच उद्दिष्टाचा दट्ट्या आला की ओळीचं काय होतं, हे आपल्या देशानं पाहिलेलं आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया कागदावर चढल्या. नंतर आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे अविवाहितांच्याही शस्त्रक्रिया झाल्याच्या तक्रारी आल्या. रकाने भरलेले होते, आणि आत काय आहे हे ज्याच्यावर शस्त्रक्रिया झाली तोच सांगू शकत होता. कुटुंबनियोजनातली उद्दिष्टं काढून टाकायला १९९६ उजाडावं लागलं. मग आज कॅन्सर तपासणीचे आकडे जिल्ह्याजिल्ह्यांत तुलना करून मागवताना हा इतिहास विसरायचा का? पोर्टलवरच्या आकड्यांची पडताळणी करायची झाली तर शेवटी कुणाला विचारणार? त्या बाईलाच ना? नोंदीतल्या काही बायका निवडून त्यांच्या घरी जाऊन ‘काय काय केलं’ असं विचारणं, ही नोंदीची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सच्ची तपासणी आहे.

नावांचा घोळ हा तर खास आपला प्रश्न आहे. लग्नाआधी नावात वडील आणि माहेरचं आडनाव, लग्नानंतर नवरा आणि सासरचं आडनाव, आणि काही घरांत अजूनही पहिलं नावसुद्धा बदलतं. आधारवर एक स्पेलिंग, रेशनकार्डावर दुसरं, दवाखान्याच्या केसपेपरवर घाईत लिहिलेलं तिसरंच. मोबाइल नंबर मुलाचा, आणि तो मुलानं दोनदा बदललेला. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडची कुटुंबं द्राक्षाच्या छाटणीला निफाड-दिंडोरीला उतरतात, काही महिने तिथेच राहतात. बाईची तपासणी कुठल्या तालुक्याच्या खात्यात चढली आणि कुठल्या तालुक्याच्या स्क्रीनवर ती ‘तपासणी बाकी’ दिसते, हे ताडायला आज जिवंत दुवा एकच आहे, ती बाई. त्यात खासगी दवाखान्यात झालेली तपासणी बहुधा सरकारी नोंदीत येतच नाही. मग ‘नोंद नाही, म्हणजे झाली नाही’ हा निष्कर्ष कसा काढायचा? मघाच्या विश्लेषणातल्या ‘नोंद नसताना हो म्हणणाऱ्या’ बायकांपैकी काहींची तपासणी दुसरीकडे खरोखर झालेली असणार. ज्या फाइलला मोजपट्टी धरलं, ती फाइलच अपुरी असू शकते, याचा उल्लेख या वादात कुणी करत नाही.

आपल्याकडे यंत्रणा नवी आहे, ती पक्की झाली की सगळं ठीक होईल, असं कुणी म्हणेल. मग जिथे ती पक्की आहे तिथलं पाहा. इंग्लंडमध्ये प्रत्येक नागरिकाची नोंद एकाच राष्ट्रीय आरोग्यसेवेत असते, स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणीला बोलावणारी पत्रं आपोआप निघतात. मे २०१८ मध्ये तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, की ६८ ते ७१ वयाच्या सुमारे साडेचार लाख बायकांना शेवटचं बोलावणं २००९ पासून गेलंच नसावं. पुढच्या चौकशीत तो आकडा बराच खाली आला. चूक किती मोठी होती हे ठरवायलासुद्धा नोंदी पुरेशा स्पष्ट नव्हत्या! ‘मला पत्र आलं नाही’ असं त्या बायका सांगत असत्या आणि त्याची कुठेतरी दखल घेतली जात असती, तर हे इतकी वर्षं लपलं असतं का?

आता दुसऱ्या तटाकडे वळतो, कारण माझी ओढ त्यांच्याकडे अधिक आहे आणि म्हणूनच त्यांची चूक मला जास्त टोचते. बाईचं ऐका, हे त्यांचं म्हणणं पिढ्यान्‌पिढ्या न ऐकल्या गेलेल्या दुखण्यातून आलंय. पण ऐकणं वेगळं आणि ऐकलेलं पुरेसं मानणं वेगळं. ‘पिशवी काढलीय’ हे एक वाक्य घ्या. ते आठवण म्हणून बहुतेक वेळा बिनचूक असतं, एवढं मोठं ऑपरेशन कोण विसरेल? पण तपासणीच्या दृष्टीनं त्यात निम्मीच माहिती आहे. पिशवीबरोबर तिचं तोंडही काढलं का? तोंड ठेवलं असेल तर तपासणी चालूच ठेवायला हवी. सगळं काढलं असेल, पण कॅन्सरपूर्व बदल दिसले म्हणून काढलं असेल, तरीही पाठपुरावा लागतो. साध्या गाठींसाठी सगळं काढलं असेल तर तपासणीची गरज उरत नाही. हे तीन रस्ते कोणत्या वळणावर फुटतात हे त्या बाईला कुणी समजावलेलं नसतं.

उत्तर असतं ते घरातल्या पत्र्याच्या पेटीतल्या कॅरीबॅगमध्ये. एक्स-रेचं पाकीट, अक्षरं उडून कोरी पडत चाललेली सोनोग्राफीची गुळगुळीत पट्टी, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि या सगळ्याच्या तळाशी चार घड्या घातलेलं डिस्चार्ज कार्ड. त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात टीएएच ही तीन अक्षरं सापडली तर गर्भपिशवी तोंडासकट काढली असं कळतं. काढलेला भाग तपासायला पाठवला होता का आणि त्याचा रिपोर्ट काय आला, ते बहुतेक वेळा सापडत नाही. बाईनं कागद जपला, पण तिला वाचता येईल असं त्यावर कुणी काही लिहिलं नाही. ‘गर्भपिशवी आणि तिचं तोंड दोन्ही काढलं, कारण अमुक, कॅन्सरची तपासणी पुढं लागेल किंवा लागणार नाही’, एवढं मराठीत लिहायला किती वेळ लागतो?

घराण्यातल्या कॅन्सरचंही असंच. आईला किंवा बहिणीला स्तनाचा कॅन्सर होता हे बायका बऱ्यापैकी अचूक सांगतात. अंडाशयाचा, गर्भाशयाचा, आतड्याचा, सगळे ‘पोटात गाठ होती’ या एका वाक्यात येतात. तंबाखूच्या बाबतीत तर फॉर्म विचारतो गुटख्याबद्दल आणि खैनीबद्दल. सकाळी दातांना मशेरी लावणारी आजी ‘नाही’ म्हणते आणि शून्य गुण घेऊन पुढे सरकते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. पण ती दात घासायची वस्तू म्हणून घरात येते, तंबाखू म्हणून येत नाही. तिचं तोंड उघडून पाहिल्याशिवाय आणि मशेरीचं नाव घेऊन विचारल्याशिवाय ना कागदाला खरं कळणार, ना तिच्या ‘नाही’ला अर्थ येणार. ‘नाही’ भरवशाचं असतं असं मी वर म्हटलं, ते तपासणीबद्दल. सवयीबद्दलचं ‘नाही’ हे आपण काय विचारलं त्यावर अवलंबून असतं.

‘शंका असेल तर पुन्हा तपासा’ हा सल्ला सगळीकडे लावता येणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. मॅमोग्राफीला खर्च आहे, किरण आहेत, आणि कधीच त्रास न देणाऱ्या गाठींचा पाठलाग सुरू होण्याचा धोका आहे. दुर्बिणीतून आतडं तपासणं तर त्याहून जड. व्हीआयएसुद्धा विनाकारण वारंवार केली तर निरोगी बायकांना उगाच पुढच्या तपासण्यांना पाठवलं जातं, आणि पाळी गेल्यानंतर ती तितकी भरवशाची राहत नाही. म्हणून मी ती सवलत गर्भाशयमुखाच्या तपासणीपुरती मागतोय, तीही कागद न सापडलेल्या, वयात बसणाऱ्या बाईसाठी. तोंडाच्या कॅन्सरसाठी तोंड उघडून पाहायला तर काहीच लागत नाही. बाकी तपासण्यांसाठी जुना रिपोर्ट शोधण्याचे कष्ट घ्यावेत.

आठवण आणि नोंद यांची सांगड घालणं आपल्याला अवघड आहे असंही नाही. सातबाऱ्यावरची पीक पाहणी वर्षानुवर्षं तलाठ्यानं चढवलेली असायची आणि कांदा लावलेल्या रानात कागदावर भलतंच पीक उभं असायचं, हे नाशिकच्या शेतकऱ्याला सांगायला नको. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं बांधावर जाऊन स्वतः सांगायचं आणि फोटो जोडायचा. त्या ॲपच्या शंभर अडचणी आहेत, सर्व्हरच्या नावानं बांधावरून बोटं मोडली जातात, पण त्यामागचं तत्त्व चोख आहे: ज्याचं रान त्याचं सांगणं आधी, आणि त्याला पुरावा जोडलेला. आरोग्यात तर याहून जुना दाखला आहे. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, तेव्हा नुसत्या दवाखान्यांच्या फाइलींवर ती उभी राहणं शक्य नव्हतं. कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, लक्षणं असलेल्यांना शोधून तपासणीला आणलं आणि मग नोंद झाली.

आणि ज्या सर्वेक्षणातला १.९ टक्क्यांचा आकडा वर दिला, त्याच सर्वेक्षणात मुलांच्या लसीकरणाबद्दल काय करतात ते पाहा. आधी कार्ड मागतात. कार्ड नसेल तर आईला विचारतात. आणि दोन आकडे शेजारी शेजारी छापतात: कार्ड किंवा आईचं सांगणं धरून पूर्ण लसीकरण ७६.४ टक्के, आणि ज्यांचं कार्ड पाहायला मिळालं त्या मुलांपुरतं, नुसत्या कार्डावरच्या नोंदीवरून ८३.८ टक्के. आईला खोटं पाडलेलं नाही, कार्डाला देव्हाऱ्यात बसवलेलं नाही, कोणता आकडा कशावरून आला ते वाचणाऱ्याला कळतं. कॅन्सरच्या प्रश्नाला मात्र नुसतं बाईला विचारलं, कारण मागायला कार्डच नव्हतं.

कार्डं हरवतात, असं लगेच सांगितलं जाईल. मुलांची लसीकरणाची कार्डं का टिकतात? पुढच्या डोसला सिस्टर ती मागते म्हणून. कॅन्सर तपासणीचं कार्ड दिलं आणि पुढं पाच वर्षं ते कुणीच मागितलं नाही, तर ते हरवणारच. तेव्हा मागण्याच्या जागा वाढवायला हव्यात. सुनेच्या बाळंतपणाला सासू सोबत येते, रात्रभर वॉर्डाबाहेर बसते. तिशी ते पासष्टीची बाई दवाखान्यात आयती आलेली असते आणि तिला कुणी काही विचारत नाही. बीपीच्या गोळ्या घ्यायला येणारीला, मोतीबिंदूच्या शिबिराला येणारीला, घरी फेरीला गेलेल्या आशाताईला दारात भेटणारीला, सगळ्यांना आधी कार्ड विचारावं. त्यावर पोर्टलचा क्रमांक असावा, पण त्याखाली मराठीत चार गोष्टी असाव्यात: कोणती तपासणी केली, कोणत्या तारखेला केली, काय निघालं, पुन्हा कधी यायचं. माहेरचं नाव आणि सासरचं नाव, दोन्ही. पिशवीचं ऑपरेशन झालं असेल तर त्याची ओळ. ऑक्टोबर छाटणीला खाली उतरलेल्या बाईच्या कार्डावर सुरगाण्यात काय झालं ते पिंपळगावच्या सिस्टरला वाचता आलं पाहिजे, आणि पिंपळगावात जे होईल ते परतल्यावर सुरगाण्याच्या सिस्टरला.